‘डॉक्टरांच्या चुका तिसऱ्या नंबरवर’ म्हणून बाबा बायपासला नाही म्हणतात

*ताई, मी नागपूरला मानेवाड्यात राहते. बाबा ६६ वर्षांचे, एसटीतून निवृत्त, बरीच वर्षं शुगर आहे. जिना चढताना छाती भरून यायला लागली म्हणून धंतोलीत अँजिओग्राफी केली. तीन नसांत ब्लॉकेज निघाले आणि बायपास सांगितली. बाबा ठाम नाही म्हणतात. पुण्याचा दादा फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकतो की अमेरिकेत हृदयविकार आणि कॅन्सरनंतर सगळ्यात जास्त माणसं डॉक्टरांच्या चुकीने मरतात, आणि भारतात तर वर्षाला ५२ लाख. बाबांनी तो मेसेज डॉक्टरांनाच वाचून दाखवला. त्यात माझी आत्या दीड वर्षापूर्वी एका खासगी दवाखान्यात हर्नियाच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी गेली. काय झालं ते कोणी धड सांगितलं नाही, घरात सगळे म्हणतात चुकीचं इंजेक्शन दिलं. हा आकडा खरा आहे का? आणि खरा असेल तर मी कोणत्या तोंडाने बाबांना दवाखान्यात चला म्हणू? — एक मुलगी*

आधी आकड्याचं बघू, ते काम सोपं आहे. बाबांचं ‘नाही’ आकड्यातून आलेलं आहे असं मला वाटत नाही, पण त्याकडे नंतर येते.

तिसऱ्या नंबरची गोष्ट २०१६ सालची. मे महिन्यात ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे सर्जन मार्टिन मॅकरी आणि त्यांचे सहकारी मायकेल डॅनियल यांचा लेख आला. अमेरिकेत वैद्यकीय चुकांमुळे वर्षाला २,५१,४५४ माणसं मरतात असा त्यांचा अंदाज होता. २०१३ साली तिथे हृदयविकाराने ६ लाखांवर आणि कॅन्सरने पावणेसहा लाखांवर माणसं गेली होती, फुप्फुसांच्या जुनाट आजारांनी दीड लाखाच्या आसपास. म्हणजे हा अडीच लाखांचा आकडा मध्ये ठेवला की तो आपोआप तिसरा. मथळा तयार झाला, जगभर गेला आणि आता तुमच्या दादाच्या मोबाइलमध्ये मुक्कामाला आहे.

पण त्या लेखासाठी कोणी नव्याने केस पेपर तपासले नव्हते. आधीच्या चार पाहण्यांतलं प्रमाण घेतलं, सरासरी काढली आणि ती वर्षभरातल्या साडेतीन कोटी भरत्यांना लावली. त्या चारपैकी तीन पाहण्यांतले सगळे मृत्यू मोजले तर चाळीसही भरत नाहीत. शिवाय उपचारात काही इजा झाली आणि पुढे रुग्ण गेला, एवढ्यावरून ती इजा टाळता आली असती आणि रुग्ण तिच्यामुळेच गेला असं धरून चाललं. अमेरिकेत दवाखान्यांत होणारे मृत्यू वर्षाला सात लाखांच्या आसपास आहेत. अडीच लाख खरे मानले तर दवाखान्यात मरणारा दर तिसरा माणूस चुकीने मेला असं होतं. ज्याने वॉर्डात दिवस काढलेत त्याला हे पटणार नाही, आणि ज्यांनी नीट मोजलं त्यांनाही पटलं नाही. २०२० मध्ये येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी असे अभ्यास एकत्र करून पाहिले, ज्यांत मृत रुग्णांचे कागद तज्ज्ञांनी एकेक करून वाचले होते. टाळता आले असते असे मृत्यू शंभरात साधारण तीन निघाले. अमेरिकेपुरते वर्षाला बावीस हजारांच्या आसपास. त्यातही बरेच लोक असे होते की एरवीही त्यांचं आयुष्य तीन महिन्यांपलीकडे जाणार नव्हतं.

बावीस हजार म्हणजे थोडे नव्हेत. एका शहरात वर्षभरात एवढे लोक गेले तर आपण रस्त्यावर येऊ. पण अडीच लाखांहून हा आकडा दहापटीने लहान आहे, आणि घरात निर्णय घ्यायचा असतो तेव्हा दहापट ही किरकोळ गोष्ट नसते.

भारताच्या ५२ लाखांचं तर आणखी सोपं. आपल्या देशात म्हातारपण, अपघात, ताप, सगळं धरून वर्षाला साधारण ९० लाखांच्या आसपास मृत्यू होतात. त्यातले निम्म्याहून जास्त डॉक्टरांनी मारले असं मेसेज म्हणतो. आपल्याकडे कितीतरी माणसं शेवटच्या आजारात डॉक्टरचं तोंडही बघत नाहीत, मग हे जमलं कसं? तो आकडा २०१३ मधल्या एका जागतिक अंदाजातून आलेला आहे आणि तो उपचारात झालेल्या इजांचा आहे. पलंगावरून पडणं, औषधाची ॲलर्जी, पाठीला झालेली जखम, दवाखान्यात लागलेला संसर्ग, हे सगळं त्यात येतं. पुढे ढकलता ढकलता कुठेतरी ‘इजा’ गळाली आणि ‘मृत्यू’ बसला.

आता दुसरी बाजू, कारण मी डॉक्टरांची वकिली करायला बसलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की उपचार घेणाऱ्या दहांतल्या एकाला उपचारातूनच काहीतरी इजा होते, आणि असुरक्षित उपचारांमुळे जगात वर्षाला ३० लाखांहून जास्त मृत्यू होतात. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या एका अभ्यासाने भारताचा हिशेब मांडला होता: योग्य उपचार मिळाले असते तर टळले असते असे सुमारे २४ लाख मृत्यू वर्षाला, आणि त्यांपैकी सुमारे १६ लाख लोक उपचारापर्यंत पोचले होते, पण उपचार निकृष्ट होते. या १६ लाखांत सुरी चुकलेले सर्जन फार थोडे असतील. त्यात बीपी कधी मोजलंच नाही ते आहेत. टीबीची औषधं अर्धवट मिळालेले आहेत. बाळंतपणात रक्त वेळेवर न मिळालेल्या बाया आहेत. आणि छातीत दुखतं म्हणून गेले, ईसीजी न काढता ॲसिडिटीची गोळी घेऊन परत आले, तेही आहेत.

चूक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर इंजेक्शन येतं. २०२५ च्या पावसाळ्याअखेरीला छिंदवाड्याहून किडन्या बंद पडलेली लहान लेकरं आपल्या नागपूरच्या दवाखान्यांत येत होती, आठवत असेल. खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं. औषध तामिळनाडूत तयार झालेलं. वीसहून जास्त मुलं गेली, त्यातली बरीच इथे. ही चूक कोणाच्या खात्यावर टाकायची? औषध लिहून देणाऱ्याच्या, बनवणाऱ्याच्या, की तपासायला हवं होतं आणि तपासलं नाही त्यांच्या? मॅकरींचा एक मुद्दा मला आजही बरोबर वाटतो. मृत्यूचं कारण लिहायच्या फॉर्मवर आजाराला जागा आहे, असल्या गोष्टींना नाही. आपल्याकडे तर देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम पाचव्या हिश्शाचंच कारण डॉक्टरकडून प्रमाणित होतं. आणि त्यातही ‘हृदय व श्वसन बंद पडल्याने’ असं लिहिणारे महाभाग आहेत. अहो, ते बंद पडल्याशिवाय मरतं कोण?

जे कळतं त्यावरून चित्र असं आहे: भारतात सगळ्यात जास्त माणसं हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी जातात. त्यांच्यामागे फुप्फुसांचे जुनाट आजार, श्वसनाचे संसर्ग, कॅन्सर. टीबी अजून वर्षाला लाखोंनी नेतो. रस्त्यावर २०२२ साली १ लाख ६८ हजार माणसं मेली. तुमच्या बाबांना या यादीतल्या पहिल्याच कारणाने गाठलेलं आहे, आणि तिसऱ्या नंबरवर काय आहे याचा वाद आपण त्यांच्या खाटेशी बसून घालतोय.

बाबांची अँजिओग्राफी मी पाहिलेली नाही, त्यामुळे बायपास कराच असं इथून सांगणार नाही. पण शुगर आणि तीन नसांचे ब्लॉकेज ही जोडी असली की बायपास सांगण्यामागे पुरावा आहे. २०१२ साली एक मोठा अभ्यास आला होता, शुगर आणि एकाहून जास्त नसांत ब्लॉकेज असलेल्या रुग्णांचा. पाच वर्षांत बायपासवाल्यांपैकी शंभरात सुमारे ११ गेले, स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळी) टाकलेल्यांपैकी सुमारे १६. आणि दादाच्या मेसेजला उत्तर हवंच असेल तर हे घ्या: ठरवून केलेल्या बायपासमध्ये चांगल्या केंद्रांत जीव जाण्याचा धोका शंभरात साधारण एक ते तीन असतो. बाबांची किडनी, हृदयाची ताकद, फुप्फुसं बघून त्यांचा स्वतःचा आकडा सर्जन सांगू शकतात. तो विचारा. आणि काहीच केलं नाही तर पुढच्या पाच वर्षांत काय, हेही त्याच बैठकीत विचारा. दुसरा सल्ला घ्यायचा असेल तर सीडी आणि रिपोर्ट घेऊन ‘मेडिकल’च्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) सुपर स्पेशालिटीत किंवा मिहानच्या एम्समध्ये दाखवता येईल. चांगला सर्जन दुसऱ्या सल्ल्याने चिडत नाही. चिडला तर तीही माहितीच.

आता बाबांचं. गेलेली आत्या तुमच्यासाठी आत्या. त्यांच्यासाठी ती बहीण होती. ठीकठाक बाई हर्नियासाठी चालत गेली आणि तिसऱ्या दिवशी घरी आणली. कोणी बसून सांगितलं नाही की काय झालं. त्या दिवसापासून त्यांच्या मनात जे अडकून बसलंय त्याला दादाच्या मेसेजने फक्त आकडा पुरवला. तुम्ही त्यांना येलचा अभ्यास समजावून सांगाल, ते मान डोलावतील आणि पुन्हा नाही म्हणतील. म्हणून माझं म्हणणं असं की त्यांच्याशी आकड्यावर भांडू नका. आत्याचं काय झालं ते आधी शोधा, आणि तो शोध बाबांना सोबत घेऊन करा. तुम्ही दोन वेगळे प्रश्न विचारलेत असं तुम्हाला वाटतंय. मला तो एकच दिसतो.

दीड वर्ष झालंय म्हणता, तर उशीर करू नका. महापालिकेच्या मृत्यू दाखल्यावर कारण छापलेलं नसतं, त्यामुळे तो घेऊन बसण्यात अर्थ नाही. आत्याचे यजमान किंवा मुलगा यांच्या सहीने दवाखान्याला लेखी अर्ज द्या: पूर्ण केस पेपर, ऑपरेशनची आणि भूल देणाऱ्यांची नोंद, सिस्टरांचा औषधांचा चार्ट, सगळे तपासणी अहवाल आणि मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे भरती रुग्णाचे कागद तीन वर्षं सांभाळायचे असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. टोलवाटोलवी केली तर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जा. शहरातल्या खासगी रुग्णालयांची नोंदणी त्यांच्याकडे असते. मोठी तक्रार मुंबईच्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे.

कागद हातात आले की ते त्या दवाखान्याशी संबंध नसलेल्या सर्जनला किंवा फिजिशियनला वाचायला द्या. तिसऱ्या दिवशी माणूस अचानक जाण्याची काही ओळखीची कारणं असतात. पायाच्या शिरेतली गुठळी सुटून फुप्फुसात अडकते. हार्ट अटॅक येतो, शुगरवाल्यांना कधी कधी न दुखताच. आतड्याला नकळत इजा झालेली असते आणि पोटात संसर्ग पसरतो. यातलं काही घडलं तरी चूक झाली असं लगेच ठरत नाही आणि झाली नाही असंही नाही. गुठळी होऊ नये म्हणून धोका पाहून काळजी घेतली होती का? दुसऱ्या दिवशी नाडी वाढली, पोट फुगलं तेव्हा कोणी येऊन बघितलं का, किती वाजता? चूक बहुतेक वेळा अशा जागी सापडते: रात्री दोन वाजता सिस्टरने फोन केला आणि सकाळपर्यंत कोणी आलं नाही. चुकीचं इंजेक्शन हा घराघरात ठरलेला निकाल आहे. कारण सलाईनमध्ये इंजेक्शन देताना नातेवाईक बघत असतात आणि बाकी काहीच त्यांना दिसत नाही.

कागद वाचणाऱ्या डॉक्टरने हलगर्जी झाली असं सांगितलं तर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. मुदत दोन वर्षांची, म्हणजे तुमच्याकडे महिनेच उरलेत. पोलिसांत जाण्याचा सल्ला शेजारीपाजारी देतील. पण २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात न्यायालयाने गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो असं स्पष्ट केलंय. उपचार फसला एवढ्यावर गुन्हा होत नाही. दवाखान्याच्या काचा फोडल्याने तर आत्याच्या घरच्यांनाच तारखा पडतील.

आणि समजा कागदांतून निघालं की चूक नव्हती, गुठळी होती? तरी बाबांना उत्तर मिळेल. बहीण का गेली ते कळलेला माणूस सर्जनसमोर वेगळा बसतो. चूक निघाली, तर कोणती ते कळेल, आणि तीच गोष्ट तुम्ही बाबांच्या वेळी आधीच विचारू शकाल.

बायपासला होकार आला तर काय करायचं, तेही लिहून ठेवते. भरतीच्या दिवशी घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, वैद्यांच्या पुड्या आणि शुगरसाठीचा काढासुद्धा. रक्त पातळ करणारी गोळी केव्हा बंद करायची ते सर्जनच्या तोंडून ऐका, मेडिकल दुकानदाराच्या नाही. गोळीचं कंपनीचं नाव नको, आतल्या औषधाचं नाव वहीत लिहा. डिस्चार्जनंतर जुन्या पट्टीतली आणि नव्या पट्टीतली एकच गोळी दोन नावांनी घेणारे कितीतरी रुग्ण मी पाहिलेत. बीपी खाली जाऊन चक्कर येते, मग म्हणतात ऑपरेशन लागलं नाही.

सर्जनना विचारा, ऑपरेशनआधी तुम्ही सुरक्षेची चेकलिस्ट वापरता का. जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची यादी आहे: नाव, कोणतं ऑपरेशन, ॲलर्जी, रक्ताची सोय, शेवटी कापसाच्या घड्या मोजणं. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आल्याची नोंद २००९ मध्ये झाली. तसंच रात्री आयसीयूत कोण असतं, तेही विचारा. हा प्रश्न फार कमी नातेवाईक विचारतात. बाबांना दिवसातून दहादा नाव विचारलं तर त्यांना चिडू देऊ नका. रक्त चढवताना तर विचारलंच पाहिजे. आणि कालच्या गोळीपेक्षा आजची वेगळी दिसली तर सरळ म्हणा, ‘सिस्टर, ही काल पिवळी होती ना?’ चांगली सिस्टर चार्ट बघून सांगते.

डॉक्टरांशी बोलायला घरातलं एकच माणूस ठेवा, आणि ते तुम्हीच असावं असं पत्रावरून वाटतं. दादाला काम द्यायचं असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बाबा बसतात का आणि कोणती रुग्णालयं त्यात आहेत ते त्याने शोधावं. कधी कधी ‘मला चुकांची भीती वाटते’च्या मागे ‘पोरांना खर्चात पाडू नये’ असतं. आयसीयूबाहेर सगळा मानेवाडा डबे घेऊन उभा राहू नये. जो आत जाईल त्याने हात धुवावेत.

हे सगळं ठरेपर्यंत एक गोष्ट मात्र आजच करा. बसल्या जागी छाती दाबल्यासारखी वाटली, घाम फुटला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, किंवा शुगरमुळे नुसतंच दम लागून गळून गेल्यासारखं झालं, तर ओवा नको, सोडा नको, ‘रात्रीचं सावजी बाधलं असेल’ असंही नको. १०८ला फोन करा. बाबांना ॲक्टिवावर मध्ये बसवून नेऊ नका. जिथे ईसीजी लगेच निघतो आणि कॅथलॅब (अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टीची सोय) आहे अशा दवाखान्याचं नाव आणि फोन आत्ताच कागदावर लिहून फ्रिजवर लावा. अशा वेळी जिभेखालची गोळी आणि ॲस्पिरिन घ्यायची का, किती, तेही त्यांच्या डॉक्टरांना विचारून त्याच कागदावर लिहा. आत्याच्या कागदांचा अर्ज सोमवारी द्या, आणि दवाखान्यात देताना बाबांनाही बरोबर न्या.